मातोश्री कृपा, ए विंग, तळमजला

आमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये चौदा हौसिंग सोसायट्या अशा आहेत, ज्या शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. 'वनश्री दर्शन' म्हणजे येऊरचा एक ओढा. 'गिरिजा हाइट्स, फेज टू' म्हणजे डोंबिवलीत भोपरच्या टेकडीखालची एक जुनी विहीर. फेज वन कुठे आहे, असं मी एकदा विचारलं होतं. "ती आटली," काका म्हणाले.

आमची लॅब पिण्याचं पाणी तपासते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्यांच्या टाक्यांतून, नळांतून नमुने आणायचे, दोन दिवस ठेवायचे आणि 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असा रिपोर्ट द्यायचा. नमुने आणण्याचं काम काकांचं. ते तीस वर्षं तेच करत होते. वाटेत कुठे झरा, ओढा, विहीर दिसली की ते महिन्याला एक बाटली तिथलीही भरून आणत. रजिस्टरमध्ये सोसायटीचं नाव लिहिल्याशिवाय नोंद पुढे जात नसे, म्हणून ते नाव तयार करत. आमच्या मॅनेजर मॅडमना हे ठाऊक होतं. "महिन्याला एकच हं, काका," एवढंच त्या म्हणत.

काकांना निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. रजिस्टर माझ्या टेबलावर आहे.

मी लॅबमध्ये लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, आणि दोन्ही भाषांत गप्प बसायची सवय. कोणाशी बोलायचं तर वाक्य आधी मनात तयार करायचं, मग ते तपासायचं, तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. अशा मुलीला पहिल्या महिन्यात काकांच्या हाताखाली फिरतीवर पाठवलं. मी त्यांना 'सर' म्हटलं. "सर केबिनमध्ये बसतात. मी उन्हात असतो. काका म्हण," ते म्हणाले.

त्यांचा एक नियम होता: आधी चक्कर, मग बाटली. इतर लोक काम उरकतात आणि वेळ उरला तर फिरतात. काकांचं उलट होतं, आणि त्याला कारण होतं. बाटली भरली की घड्याळ सुरू. ती बर्फात ठेवून ठरलेल्या तासांत लॅबला पोचवायचीच. त्यामुळे भरलेली बाटली घेऊन काका कुठेही रेंगाळत नसत, चहालासुद्धा नाही. मात्र दहाचा नमुना असेल तर सात वाजता ते मला खोपटच्या एसटी स्टँडवर उभं करत.

"काका, सोसायटी दहाला आहे."

"हो ना. हातात दहा मिनिटं आहेत."

त्यांची दहा मिनिटं दोन-अडीच तासांची असत.

'ट्रेक', 'पिकनिक', 'नेचर' हे शब्द ते वापरत नसत. चक्कर म्हणत. चक्करला जाताना इस्त्रीचा पांढरा शर्ट, लांब बाह्या, खिशाला पेन. मी जीन्स आणि जुना टी-शर्ट घालून आले तेव्हा त्यांनी मला नीट बघून घेतलं. "कोणाकडे पहिल्यांदा जाताना असं गबाळं जातेस?" खांद्याला एक कॅनव्हासची पिशवी. तिच्यात दोन स्टीलचे पेले, गूळ-शेंगदाण्याची डबी, जुन्या शॉवर कर्टनचा तुकडा बसायला, आणि रबरी चपला. माणसानं अंथरुणात पडून राहावं अशा सकाळी ते ठाकुर्लीला रुळांपलीकडच्या पाणथळीपाशी त्या कर्टनवर मांडी घालून बसत. पाण्यावरच्या पानांवरून लांब बोटांचा एक पक्षी चालत जाई. काका त्याच्याकडे बोट दाखवत नसत. कुजबुजत, "आला. ऑफिसला निघालाय. रोज याच वेळेला." मागून गाडी धडधडत जाई. तिच्यातली माणसं मोबाइलमध्ये असत आणि पक्षी पानावर.

पहिल्याच फेरीत माझी फजिती झाली. आम्ही कल्याणच्या अलीकडे खाडीवरच्या पुलापाशी एसटीतून उतरलो. ओहोटी होती. काका मला खाली चिखलाशी घेऊन गेले. चिखल हलत होता. नीट बघितल्यावर कळलं, की बोटभर लांबीचे मासे पाण्याबाहेर येऊन कल्ल्यांजवळच्या परांवर रांगत होते, डोळे वर, मान वर.

"निवट्या," काका म्हणाले. "बघ कशा बघतायत आपल्याकडे, सेक्रेटरीसारख्या. कोण तुम्ही? कोणाकडे आलात? गेटवर नोंद केलीत का?"

मी हसले आणि एक पाऊल पुढे टाकलं. पाय घोट्यापर्यंत आत गेला. मी तो ओढायला लागले.

"ओढू नको. चिखलाशी भांडायचं नाही. चप्पल सोड."

मी चप्पल सोडली. ती अजून तिथेच असेल. साडेनऊला मी काकांच्या रबरी चपला घालून कल्याणच्या एका चकचकीत सोसायटीच्या लॉबीत उभी होते. चपला माझ्या पायांपेक्षा तीन बोटं मोठ्या. सेक्रेटरी साहेबांची नजर खाली गेली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"ह्या आमच्या मॅडम, मायक्रोबायोलॉजिस्ट," काका म्हणाले. "पाय बघू नका साहेब, हात बघा."

आणि त्यांनी माझ्या हातात बाटली दिली.

नमुना घेण्याची एक रीत असते. हात धुवायचे. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, बंद करून त्याचं तोंड ज्योतीनं तापवायचं, पुन्हा सोडायचा. बाटलीचं झाकण उघडल्यावर ते खाली ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. आणि बाटली उघडी असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, कारण बोलताना तोंडातून काय काय उडतं. काकांचा हा नियम फार कडक होता. मोठमोठ्या चेअरमनना ते नुसतं बोट वर करून गप्प करत. झाकण लागलं, दोरा बांधला, की म्हणत, "हं, आता बोल."

मला ही नोकरी आवडायला लागली ती त्या अर्ध्या मिनिटामुळे. त्यात मी गप्प असे आणि ते बरोबर असे.

काकांचे हात मी तेव्हा नीट पाहिले. जाड बोटं, नखं अगदी बारीक कापलेली, आणि बाटली धरली की दगडासारखे स्थिर. त्यांचे वडील ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. आजूबाजूला जिकडेतिकडे पाणी, सगळं खारं. काकांची आई रोज कळव्याच्या मागे, पारसिकच्या डोंगरात चढायची, एका खडकातल्या झऱ्याचं पाणी दोन हंड्यांत भरायची आणि उतरून मिठागरापर्यंत न्यायची. काका लहानपणी हे पाणी पिऊन वाढले. पुढे मिठागर गेलं, वडील गेले, आई गेली. डोंगरावर घरं चढत गेली. झरा राहिला. तो मार्चपर्यंत वाहतो, करंगळीएवढा.

त्याचं रजिस्टरमधलं नाव 'मातोश्री कृपा को-ऑप. हौसिंग सोसायटी, ए विंग, तळमजला'.

दर जानेवारीत काका तिथली बाटली आणत. मागची पानं उलटून पाहिली तर तीच नोंद वर्षानुवर्षं: अयोग्य, अयोग्य, अयोग्य. पण त्यांनी मला एकदा कर्टनवर बसल्या बसल्या सांगितलं होतं, "एकदा तरी 'योग्य' यायला पाहिजे गं. मग बायला घेऊन जातो वर. दोन पेले भरून पितो." बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली. तीही लहानपणी आईबरोबर छोटा हंडा घेऊन त्या वाटेनं जायची. मार्चमध्ये काका निवृत्त होणार होते. म्हणजे ही शेवटची जानेवारी.

त्या दिवशी आम्ही सातला डोंगर चढलो. थंडी होती. खाली खाडीवर धुकं, त्यातून इमारतींचे वरचे मजले तेवढे बाहेर. काकांनी झऱ्यापाशी चपला काढल्या, गुडघे टेकले. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात बाटली, खडकातून पडणारी धार. मी फोटो काढला, न विचारता. मी असं कधी करत नाही.

नंतर नऊ वाजता खाली कळव्यातल्या एका सोसायटीचा नमुना घेतला. दोन्ही बाटल्या आइस बॉक्समध्ये. बर्फ कमी पडला म्हणून काकांनी मच्छी मार्केटमधून चुरा आणला. "लेबलांना रबर लाव हं, हा बर्फ लवकर पाणी होतो," ते म्हणाले. त्यांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी एकटी बॉक्स घेऊन ठाण्याला आले.

लॅबमध्ये झाकण उघडलं तर बर्फाचं पाणी झालेलं आणि दोन्ही लेबलं वर तरंगत होती. मी रबर लावायला विसरले होते.

समोर दोन बाटल्या. पाण्याला रंग नाही, वास नाही. एक फोन केला असता तर काका म्हणाले असते, फेकून दे, उद्या पुन्हा घेऊ. पण तो फोन करायचा म्हणजे 'मी विसरले' हे वाक्य मोठ्यानं म्हणायचं. मी ते मनात जुळवत बसले. इंग्रजीत जुळलं, मराठीत जुळलं, तोंडापर्यंत आलं नाही. मला आठवत होतं, म्हणजे वाटत होतं, की झऱ्याची बाटली थोडी जास्त भरलेली होती. मी लेबलं पुसली आणि चिकटवली. चिकटवताना एका बाटलीच्या खांद्याजवळचा टवका माझ्या बोटाला लागला. तिच्यावर मी सोसायटीचं लेबल लावलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. कळव्याची सोसायटी, पिण्यास अयोग्य. मातोश्री कृपा, पिण्यास योग्य.

काकांनी तो कागद तीनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचला. ओरडले नाहीत, कोणाला पेढे दिले नाहीत. खिडकीशी जाऊन फोन लावला. "बाय, मी बोलतंय. पानी पास झाला. हो. आपलाच. रविवारी जाव." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. पलीकडची म्हातारी रडत असावी.

पण संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला. गेल्याच आठवड्यात टाकी धुतलेली, मग अयोग्य कसं? लोक त्यांच्या दारात उभे होते. काका म्हणाले, "मी स्वतः टाकीत वाकून बघितलं होतं मॅडम. स्वच्छ होती." फोन ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"हात लागला असेल माझा झाकणाला," ते मला म्हणाले. "कळलं पण नाही."

"रिटायर व्हायची वेळ झाली, काका," मॅनेजर मॅडम सहज म्हणाल्या. त्यांनी चेष्टा केली होती. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवा स्टेशनजवळ एका ठिकाणी नळाशी उभं असताना त्यांनी बाटली माझ्याकडे केली. "तू धर. मी नळ बघतो." तीस वर्षांत त्यांनी बाटली दुसऱ्याच्या हातात दिली होती ती शिकवण्यासाठी. आज तसं नव्हतं. आणि नमुना झाल्यावर ते बेसिनपाशी उभं राहून हात धूत होते, पुन्हा पुन्हा, बोटांच्या बेचक्यांतून.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: 'तो झऱ्यावरचा फोटो पाठव. बायला दाखवायचा आहे.' मी फोटो उघडला. मोठा केला. गुडघे टेकलेले काका, धार, बाटली. बाटलीच्या खांद्याजवळ टवका.

मी फोटो पाठवला नाही. नेटवर्क नाही, असंही लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही.

शनिवारी रात्रभर मला काका दिसत होते. सांगितलं तर त्यांचा झरा जाणार. नाही सांगितलं तर त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास जाणार, आणि वर ते आणि एक म्हातारी ते पाणी पिणार. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी तो करत होते, कारण विचार केला की बोलावं लागत नाही.

रविवारी सकाळी मी कळव्याला गेले; काकांनी मलाही बोलावलं होतं. काका डोंगराच्या पायथ्याशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी बाय. नऊवारी, हातात काठी, पायात बूट, नातवाचे असावेत.

"कंची गं तू पोरी?" तिनं विचारलं. "येवरी बारीक? हा तुला उपाशी फिरवतंय का?"

"ही आमची मॅडम," काका म्हणाले. "हिच्या समोरच पास झाला पानी."

चढायला दीड तास लागला. बाय दर वळणावर थांबायची आणि काहीतरी दाखवायची. इथं आई हंडे टेकवायची. इथं एकदा फुरसं निघालेलं. इथून पूर्वी मिठाचे ढीग दिसायचे, पांढरे. "आता बिल्डिंगी दिसतान. त्या पन पांढऱ्याच," ती म्हणाली. मी मागून चालत होते. प्रत्येक वळणावर ठरवत होते, पुढच्या वळणावर.

झऱ्यापाशी बाय खडकाला हात लावून उभी राहिली. काकांनी पिशवीतून दोन पेले काढले. एक धारेखाली धरला. भरला. बायच्या हातात दिला. दुसरा धरला.

"काका."

त्यांनी मागे पाहिलं. मी पुढे काही बोलू शकले नाही. श्वास धरून उभी होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भरलेला पेला खडकावर ठेवला, बायचा हात हलकेच खाली केला आणि उठून माझ्यासमोर आले.

"हं," ते म्हणाले. "आता बोल."

मी बोलले. मराठीत, सगळ्या चुकांसकट. बर्फ, लेबलं, रबर, टवका. फोन केला नाही ते. फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन मोबाइल डोळ्यांजवळ धरला. टवका बराच वेळ बघितला. खाली कुठल्यातरी इमारतीत कोणीतरी ड्रिल लावलं होतं, त्याचा आवाज इतक्या वर येत होता.

"म्हणजे सोसायटीचं पाणी चांगलं," ते सावकाश म्हणाले.

"हो."

"म्हणजे माझा हात नाही लागला."

"नाही, काका. तुमचा हात नाही."

त्यांनी दोन्ही हात समोर धरून पाहिले. तळवे, मग उलटी बाजू. ते थरथरत नव्हते. मग ते झऱ्याकडे वळले आणि तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. मला तो आजही आठवतो. रागावलेला नव्हता. लहान झाला होता.

"बाय," ते म्हणाले, "नको पिऊ. नापास हाय."

बाय अजून पेला धरून उभी होती. "मना काय झाला नाय इतकी वरसा."

"तेव्हा वर घरा नव्हती गं."

"आईना किती उतरवला ह्या पानी." तिनं पेल्यात पाहिलं. मला वाटलं, ही आता माझ्याकडे बघेल. तिनं बघितलंच, पण विचारलं ते वेगळंच. "तू डाक्टर ना पान्याची? मंग सांग. तोंड धुवाला चालल ना?"

मला असा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. आमच्या फॉर्मवर तो नाही. मी विचार केला, खरोखरचा विचार, लॅबमध्ये करतात तसा.

"चालेल, आजी," मी म्हटलं. "डोळे मिटून. तोंडात जाऊ द्यायचं नाही."

बायनं काठी खडकाला टेकवली, ओंजळ धरली आणि तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. पदर ओला झाला. "थंड हाय तवाच्यासारखाच," ती ओठ घट्ट मिटून म्हणाली, म्हणजे शब्द नीट आलेच नाहीत, पण आम्हाला कळलं. मग काकांनी बाह्या दुमडल्या. मग त्यांनी मला पुढे ढकललं.

सोमवारी मी मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. मग सेक्रेटरी बाईंना फोन केला, आणि त्यांनी पाच मिनिटं जे सुनावलं ते ऐकून घेतलं. दोन्ही ठिकाणचे नमुने पुन्हा घेतले. काकांनी घेतले, स्वतःच्या हातानं. लेबलांना रबर होतं, शिवाय काचेवर उमटणाऱ्या पेन्सिलनं बाटलीवरही नाव लिहिलं होतं. सोसायटी पास झाली. मातोश्री कृपा नेहमीप्रमाणे.

रिपोर्टच्या तळाशी सह्यांच्या दोन जागा असतात. 'नमुना घेणारे' याच्यापुढे काकांनी सही केली. 'तपासणारे' याच्यापुढे मॅनेजर मॅडम करायच्या. काकांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती माझी लॅबमधली पहिली सही.

मग काकांनी खिशातलं पेन पुन्हा काढलं. छापलेलं होतं 'पिण्यास अयोग्य'. शेजारी शेऱ्याचा रकाना, जो कोणी कधी भरत नाही. त्यात त्यांनी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'तोंड धुण्यास योग्य. डोळे मिटून.'

या जानेवारीतही मी तेच लिहिलं आहे.